कॅमेऱ्याला कार्ड दिसेना, तेव्हा

पेण तालुक्यातल्या जोहे गावातून गणपतीची मूर्ती एकदा टेम्पोत चढली की परत येत नाही. साचा कारखान्यात राहतो, त्यातून तशीच दुसरी काढता येते. पण त्या हाताने त्या दिवशी केलेली डोळ्यांची आखणी, पितांबराची ती छटा, किरीटावरचं ते काम पुन्हा तंतोतंत उतरेलच असं नाही. म्हणून मूर्ती बाहेर पडण्याआधी तिचा फोटो लागतो. व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला, पुढच्या सालच्या अल्बमात लावायला, ‘गेल्या वर्षीसारखीच हवी’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे हा सगळा मूर्तिकारखान्यांचा पट्टा, आणि परदेशी जायच्या मूर्ती तर गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधीच कंटेनरमध्ये भराव्या लागतात. समजा, रात्री उशिरापर्यंत बसून दोनशे मूर्तींचे फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओळ उमटली की कार्ड वाचता येत नाही. मग काय करायचं?

काहीच करायचं नाही. निदान पहिली पाच मिनिटं.

कॅमेऱ्यावरचा कार्डाचा दिवा विझलाय ना ते बघायचं, कॅमेरा बंद करायचा आणि हात आवरायचा. कार्ड एका फटक्यात मरतं असं क्वचितच घडतं. फोटो गमावले जातात ते बहुतेकदा त्या संदेशानंतरच्या अर्ध्या तासात: कुणी घाईने फॉरमॅटला ‘हो’ म्हणतो, कुणी ‘चालतंय का बघू’ म्हणून आणखी दोन फोटो काढतो, कुणी कार्ड पाच-पाच वेळा ठोकून ठोकून आत घालतो.

यामागचं कारण समजून घ्यायला कारखान्याचं गोदामच डोळ्यांसमोर आणावं. फळ्यांवर शेकडो मूर्ती मांडलेल्या आहेत, आणि कोणती कुठल्या फळीवर, कुणाच्या ऑर्डरीची, हे एका वहीत लिहिलेलं आहे. कार्डातही असंच असतं. फोटो एका जागी आणि त्यांची नोंदवही, म्हणजे फाइल टेबल, दुसऱ्या जागी. फोटो लिहिला जात असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढून काढलं, तर पहिली फाटते ती ही वही. कॅमेरा वही उघडतो, त्याला काही लागत नाही, आणि तो सांगून मोकळा होतो की कार्ड बिघडलं. पण वही फाटली म्हणून गोदाम रिकामं होत नाही. साधा फॉरमॅट म्हणजे जुनी वही फेकून नवी कोरी वही ठेवणं. मूर्ती तेव्हाही फळीवरच असतात. धोका त्यानंतर सुरू होतो, कारण कोऱ्या वहीप्रमाणे सगळ्या फळ्या मोकळ्या दिसतात आणि नवा माल येईल तसा जुना खाली ढकलला जातो. म्हणून एक क्लिकसुद्धा जास्त करायची नाही.

संदेश नीट वाचावा, ही दुसरी गोष्ट. कंपनीगणिक भाषा वेगळी असते. कॅननचा कॅमेरा सांगतो की कार्डापर्यंत पोचता येत नाही, ते पुन्हा घाला, बदला किंवा फॉरमॅट करा. हे तीन उपाय तो एकाच दमात सांगतो, आणि घाबरलेला माणूस नेमका तिसरा उचलतो. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत याच तक्रारीसाठी ‘सीएचए’ ही अक्षरं लुकलुकतात. ‘एफओआर’ लुकलुकलं तर कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, असं कॅमेऱ्याला वाटतंय. वाटतंय, एवढंच, त्यावर कालच्या हळदीचे चारशे फोटो असू शकतात. सोनीचा कॅमेरा ‘इमेज डेटाबेस फाइल’मध्ये गडबड आहे अशी तक्रार करतो. ती पुष्कळदा कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात किंवा कॉम्प्युटरवर हाताळल्याने येते आणि दिसते तेवढी गंभीर नसते. तरी दुरुस्तीला होकार देण्याआधी फोटो उतरवून घेतलेले बरे.

मग दोष कुणाचा, कॅमेऱ्याचा की कार्डाचा? हे ठरवायला दोन अदलाबदली पुरतात. कॅमेऱ्यात दुसरं, चालू असलेलं कार्ड घालून पाहायचं. ते चाललं तर कॅमेरा सुटला. संशयित कार्ड कॉम्प्युटरच्या रीडरमध्ये घालायचं. पण त्याआधी त्याच्या कडेचं छोटं बटण खाली सरकवून ते लॉक करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला त्यावर काही लिहिता येणार नाही. विंडोज बहुधा दोनपैकी एक प्रश्न विचारील: ‘डिस्क फॉरमॅट करू का?’ किंवा ‘तपासून दुरुस्त करू का?’ दोन्हींना नकार द्यायचा. ती ‘दुरुस्ती’ वही जुळवायच्या नादात फोटोंचे तुकडे ‘सीएचके’ शेपटीच्या फाइलींमध्ये कोंबून ठेवते आणि मग पुढचं काम अवघड होतं. फोटो दिसले तर आधी सगळे कॉपी करायचे. कट-पेस्ट मात्र कधीही नाही. पावसाळ्यात कोकणात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अर्ध्यात वीज गेली की कट केलेली फाइल धड इकडे राहत नाही, धड तिकडे पोचत नाही.

कार्ड कॅमेऱ्यात चालत नाही आणि कॉम्प्युटरलाही दिसत नाही, तरी लगेच हाय खाऊ नये. रीडर बदलून पाहावा. स्वस्त रीडरच्या आतली पाती वर्षभरात सैल पडतात. मोबाइलचं किंवा ड्रोनचं मायक्रो कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरत असाल तर पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर घ्यावा.

आता जोह्याचा खास शत्रू: धूळ. एसडी कार्ड जेमतेम ३२ बाय २४ मिलिमीटरचं, जाडी २.१ मिलिमीटर. त्याच्या पाठीवर सोनेरी मुलामा दिलेल्या नऊ पट्ट्या असतात. कॅमेऱ्यातली नऊ बारीक पाती या पट्ट्यांना टेकतात तेव्हाच बोलणं होतं. त्यातल्या एका पट्टीवर जरी कण बसला तरी कॅमेऱ्याच्या लेखी कार्ड नाहीच. कारखान्यातली धूळ एक जातीची नसते, हेही लक्षात घ्यावं. कच्ची मूर्ती पॉलिशपेपरने घासताना उडणारी धूळ आधीच जमून गेलेल्या प्लास्टरची असते. ती बारीक असली तरी पुन्हा घट्ट होत नाही, फुंकली की निघते. प्लास्टरची नवी गोणी फोडताना उडणारी पावडर वेगळी. तिला ओल मिळाली की ती जमते, हाच तिचा धर्म. घामेजल्या बोटाने कार्ड धरलं, त्यावर ती पावडर बसली, की पट्टीवर पातळ पापुद्रा तयार होऊ शकतो. आणि तिसरा प्रकार स्प्रे गनचा. रंगाचा तुषार हवेत तरंगत येऊन जिथे बसतो तिथे वाळतो, आणि वाळलेला रंग वीज वाहू देत नाही. रंगकाम चालू असलेल्या खोलीत कार्डाचं दार उघडूच नये; ओटीवर यावं, हात पुसावे, मग कार्ड बदलावं.

साफसफाई करताना कारखान्यात हाताशी असलेल्या दोन गोष्टींचा मोह टाळायला हवा. पहिली म्हणजे कॉम्प्रेसर. स्प्रे गनची नळी कॅमेऱ्याच्या स्लॉटवर धरली की धूळ उडेल, असं कुणालाही वाटेल. पण कॉम्प्रेसरच्या हवेत टाकीत साठलेलं पाणी आणि तेलाचा अंश असतो, शिवाय तिचा जोर पाती वाकवण्याइतका असू शकतो. लेन्ससाठी मिळणारा रबरी फुगा, ज्याला फोटोग्राफर ब्लोअर म्हणतात, तोच वापरावा. कॅमेरा उलटा धरून, स्लॉटचं तोंड खाली करून चार-सहा फुंकरी माराव्यात. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण जातात. दुसरा मोह थिनरचा. थिनर कार्डाचं प्लास्टिक खातो. पट्ट्या पुसायला चष्म्याचं कोरडं मऊ फडकं बहुतेक वेळा पुरतं. डाग हटतच नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब फडक्यावर घेऊन हलकेच पुसावं आणि पूर्ण वाळल्याशिवाय कार्ड आत घालू नये. खोडरबर घासायची पद्धत सर्रास आहे. तिने कधी कधी काम होतंही, पण मुलामा पातळ असतो आणि खोडरबराचा चुरा परत स्लॉटमध्येच जातो. स्लॉटमध्ये सुई, टाचणी, आगपेटीची काडी यांतलं काहीही घालू नये.

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅननच्या ५डी मार्क २ मध्ये, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं. तिथे गोष्ट उलटी असते. पन्नास सुया कॅमेऱ्यात असतात आणि भोकं कार्डात. कार्ड तिरकं दाबलं की सुई वाकते. टॉर्च मारून आत पाहिलं तर वाकलेली सुई डोळ्यांना दिसते. ती चिमट्याने सरळ करायचा पराक्रम घरी करू नये. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे, तिथवर जाणं परवडतं.

लॉकच्या बटणाबद्दल एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. त्या बटणाचा कार्डातल्या इलेक्ट्रॉनिक्सशी काहीच संबंध नसतो. तो प्लास्टिकचा नुसता सरकता तुकडा आहे, आणि तो कुठे आहे हे कॅमेऱ्याच्या स्लॉटमधली एक छोटी कळ चाचपून पाहते. वापरून वापरून बटण सैल झालं की कार्ड आत जाता-जाता ते आपोआप खाली सरकतं आणि कॅमेरा म्हणतो, कार्ड लॉक आहे. फोटो दिसतात, नवे निघत नाहीत. तुकडा निखळूनच पडला तर तीच तक्रार कायमची. काहीजण खाचेवर सेलोटेप लावतात. एखाद्या दिवसाची नड भागते, पण उन्हाळ्यात टेपचा गोंद स्लॉटमध्ये राहिला की कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च कॅमेऱ्यावर होतो.

नवं कोरं कार्ड आणलं आणि जुन्या कॅमेऱ्याने ते घेतलंच नाही, ही वेगळीच व्यथा. इथे कुणीच बिघडलेलं नसतं. पिढ्या जुळत नसतात. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केलं. त्या पहिल्या जातीची मजल २ जीबीपर्यंत होती. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी, ३२ जीबीच्या पुढे थेट २ टीबीपर्यंत, आणि त्याच्या नोंदवहीची लिपीच वेगळी, एक्सफॅट नावाची. घोळ असा की तिन्ही जातींचा आकार तोच, खाचा त्याच. त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड २००८ सालच्या निकॉन डी९० मध्ये खटकन बसतं. पण तो कॅमेरा एसडीएचसीपर्यंतचाच. घरातला जुना कॅमेरा पोरांना शिकायला किंवा अल्बमच्या कामाला काढला असेल, तर त्याला ८, १६ किंवा ३२ जीबीचंच कार्ड द्यावं. दुकानदाराला ‘मोठ्यातलं मोठं’ न सांगता कॅमेऱ्याचं मॉडेल सांगावं.

मोबाइलमधून काढलेल्या कार्डातही एक फसगत आहे. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये कार्ड फोनच्या आतल्या मेमरीसारखं वापरायची सोय आली. तसं केलेलं कार्ड त्या फोनपुरतं कुलूपबंद होतं. कॅमेऱ्याला किंवा कॉम्प्युटरला ते कोरं किंवा खराब वाटतं. फोटो हवे असतील तर ते परत त्याच फोनमध्ये घालावं लागतं.

आणि कधी कधी कार्ड, कॅमेरा, स्लॉट सगळं ठणठणीत असतं, तरी कॅमेरा फोटो दाखवत नाही. कारण माणसाचा नीटनेटकेपणा. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा एक फोल्डर असतो, त्यात ‘१००’पासून सुरू होणारे फोल्डर आणि त्यांत ठरावीक साच्यातल्या नावांच्या फाइली. हा संकेत जपानमध्ये १९९८ मध्ये ठरला आणि पुढे सगळ्या कंपन्यांनी पाळला. कारखान्यातल्या हुशार पोराने कॉम्प्युटरवर बसून त्या फाइलींना ‘दगडूशेठ २ फूट’, ‘टिटवाळा दीड फूट’ अशी नावं दिली, की कॅमेऱ्याला त्या ओळखू येत नाहीत. फोटो कॉम्प्युटरवर उघडतात, कॅमेऱ्यात ‘प्रतिमा नाही’. नावं जरूर द्यावीत, पण कॉम्प्युटरवरच्या प्रतीला.

वही खरोखरच फाटली असेल तर फोटो परत मिळवायचं काम घरी करता येतं, फक्त धीर हवा. फोटोरेक हा ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि या कामात भल्याभल्या विकतच्या प्रोग्रॅमांच्या तोडीचा आहे. तो वहीकडे बघतच नाही. फळ्यांवरून सरळ हात फिरवत जातो. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते; ती खूण लागली की ‘इथून एक फोटो सुरू’ असं समजून तो उचलतो. म्हणून वही पुसलेली असली, फॉरमॅट मारलेलं असलं, तरी फोटो सापडतात. त्यात दोन पथ्यं आहेत. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, ते कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्यायचे. आणि कार्ड अडखळत वाचलं जात असेल तर आधी अख्ख्या कार्डाची एक जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढून घ्यायची आणि शोधाशोध त्या प्रतीत करायची. म्हणजे दुबळ्या कार्डाला एकदाच धावावं लागतं.

फोटो परत मिळतात, त्यांची नावं मिळत नाहीत. ‘एफ’ आणि सात आकडे अशा नावांच्या शेकडो फाइलींचा ढीग पुढ्यात येतो. तेव्हा वैतागू नये. प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते, त्यावरून क्रम लावता येतो. (कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर. ते आजच पाहावं.) काही फोटो यादीत छोटे छान दिसतात आणि उघडले की अर्ध्यावर राखाडी होतात. छोटं चित्र फाइलच्या तोंडाशी वेगळं साठवलेलं असतं, म्हणून ते वाचलं. मोठ्याचा खालचा भाग गेला. असा फोटो कोणत्याही प्रोग्रॅमने पूर्ण होत नाही. व्हिडिओचं नशीब आणखी वाईट, कारण ते लांब असतात आणि त्यांचे तुकडे कार्डभर विखुरलेले असू शकतात.

कार्ड कोणत्याच रीडरमध्ये जागं होत नाही किंवा हाताला गरम लागतं, तर त्याचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, गेला. तिथे प्रोग्रॅमचा उपयोग नाही. डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आतली चिप थेट वाचतात. काम महाग असतं आणि यशाची हमी कुणी देत नाही. लग्नाचे फोटो असतील तर हा खर्च करावा. पुन्हा मांडून काढता येतील अशा मूर्तींचे असतील तर करू नये, असं स्पष्ट मत आहे. आणि कुणी पाहणीआधीच पूर्ण पैसे मागत असेल, तर तिथून उठावं.

कार्डं किती चिवट असतात याचं एक उदाहरण तैवानचं. जपानच्या इशिगाकी बेटाजवळ २०१५ मध्ये बुडी मारताना एका मुलीचा कॅमेरा समुद्रात हरवला. मार्च २०१८ मध्ये तैवानच्या किनाऱ्यावर कचरा वेचणाऱ्या शाळकरी मुलांना तो सापडला, शिंपल्या-कालवांनी पूर्ण मढलेला. पाणबंद खोळ उघडली तर आत कोरडं होतं, बॅटरीत जीवही होता आणि कार्डावरचे फोटो शाबूत होते. त्या फोटोंवरूनच मालकीण सापडली. अडीच वर्षं समुद्रात टिकलं ते कार्ड खोळीमुळे. आपल्याकडे तेच काम घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या करतात. तांदळात कार्ड पुरायचा उपाय सोडून द्यावा, तांदळाची पिठी पट्ट्यांवर बसते.

चिवटपणाचा हा हिशेब खऱ्या कार्डाचा. बाजारात नकली कार्डंही भरपूर आहेत. आत चिप ८ जीबीची आणि वर छापलंय १२८. कॉम्प्युटरही १२८ च दाखवतो, कारण कार्डाला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढचे फोटो नुसते नावाला. असं कार्ड नेमकं ऐन घाईत, कार्यक्रमाच्या उत्तरार्धात दगा देतं. ते ओळखायला ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून पाहतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपावं. नवं कार्ड ही परीक्षा पास झाल्याशिवाय कामाला काढू नये, मग ते कितीही मोठ्या दुकानातून बिलासह आणलेलं असो.

लग्नसराई करणाऱ्यांनी दोन स्लॉटांचा कॅमेरा घ्यावा. निकॉन डी७००० मध्ये २०१० पासून ही सोय आहे, सोनीच्या ए७ ३ मध्येही आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं सेटिंग मात्र हाताने चालू करावं लागतं. कॅनन १५००डी सारख्या एका स्लॉटच्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांनी एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावीत आणि दर पन्नास मूर्तींमागे बदलावीत. बॅटरीची शेवटची रेघ उरली की थांबावं. फोटो कॉम्प्युटरवर उतरवले, त्यातले दहा-बारा मोठे करून उघडून पाहिले, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, की मगच कार्ड फॉरमॅट करावं, आणि तेही कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून.

आणि एकदा दगा दिलेलं कार्ड फोटो काढून घेऊन, फॉरमॅट करून वापरायला हरकत नाही. दुसऱ्यांदा दिला तर कात्रीने दोन तुकडे करून टाका. ड्रॉवरमध्ये ठेवलंत, तर कंटेनर भरायच्या आदल्या रात्री नेमकं तेच हाताला लागेल.